हिशोबाची काठी आणि आपलं पासबुक

ताईंनो, एक प्रश्न विचारते. लिहिता-वाचता येत नसेल, तर पैशाच्या देण्याघेण्याचा हिशोब कसा ठेवायचा?

सुमारे ८०० वर्षांपूर्वी इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात हा हिशोब काठीवर ठेवत. १००० पौंडांना तळहाताएवढी रुंद खाच, १०० ला अंगठ्याएवढी, २० ला करंगळीएवढी. मग काठी उभी चिरायची. एक भाग पैसे देणाऱ्याकडे, दुसरा घेणाऱ्याकडे. कुणी गुपचूप खाच वाढवली, तर दोन्ही भाग जुळवताना लबाडी लगेच उघडी पडायची!

ही पद्धत १८२६ पर्यंत चालली. पुढे १६ ऑक्टोबर १८३४ ला साठलेल्या जुन्या काठ्या लंडनच्या संसदेखालच्या भट्टीत जाळल्या. आग अशी भडकली, की बहुतेक संसद भवनच जळून गेलं.

आता आपलं बघा. गटाची वही हा काठीचा एक भाग, तुमचं पासबुक हा दुसरा. पण बैठकीला गेलं की बऱ्याचदा सगळी पासबुकं सचिवताईंच्या पिशवीतच दिसतात. सचिवताई प्रामाणिकच असतात हो, पण चूक कुणाकडूनही होते. दोन्ही भाग एकाच हातात असले, तर जुळवायचं कशाशी?

म्हणून पुढच्या बैठकीपासून एवढं कराच:
• बचत, हप्ता, व्याज वहीत लिहिलं, की लगेच पासबुकात लिहून घ्या.
• आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला सांगा.
• पासबुक घरी न्या. वाचता येत नसेल, तर शाळेतल्या लेकराकडून वाचून घ्या.

तुमच्या वाटची काठी तुमच्याच हातात हवी!