सुलहचा सल्ला आणि स्त्री

हिजरी सन ६ मध्ये हुदैबिया येथे कुरैशांशी तह झाला. त्या वर्षी उमरा न करताच परतावे लागणार, या अटीने सुमारे १४०० सहाबा व्यथित झाले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कुर्बानी करून केस उतरविण्याची आज्ञा तीनदा दिली, तरी कोणी उठेना. ते आपल्या पत्नी हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडे गेले. कोणाशी काही न बोलता आपण स्वतः कुर्बानी करावी व केस उतरवून घ्यावेत, असे त्यांनी सुचविले. प्रेषितांनी तसेच केले आणि सारे सहाबा उठले. याच तहाला सूरह फतहने उघड विजय म्हटले आहे.

पुढे मक्काविजयाच्या वेळी हजरत उम्मे हानी (रजि.) यांनी शत्रुपक्षातील सासरच्या नातलगाला आश्रय दिला. बंधू हजरत अली (रजि.) यांचा विरोध असतानाही त्यांनी दिलेले अभय प्रेषितांनी मान्य केले. म्हणजे सुलहच्या कामी स्त्रीचा सल्ला व शब्द दोन्ही प्रमाण ठरले.

हा धडा विसरल्यास काय घडते, हे शिरूरच्या घोडनदीपलीकडील अहमदनगरच्या किल्ल्याने पाहिले आहे. १५९५-९६ च्या मोगल वेढ्यात तट ढासळला, तेव्हा चांदबीबी स्वतः उभी राहिली आणि रातोरात तो बांधून घेतला. नंतर वऱ्हाड देऊन तिने तह केला व राजधानी वाचविली. १६०० मध्ये पुन्हा वेढा पडला. ती वाटाघाटी करू लागताच फितुरीची आवई उठली आणि स्वकीयांनीच तिला ठार केले. त्याच वर्षी किल्ला मोगलांच्या हाती गेला. तलवार घेतलेली चांदबीबी लोकांना मानवली, तह करणारी मानवली नाही.

आपल्या भागालाही अशांततेची झळ लागली आहे. १ जानेवारी २०१८ रोजी शिरूर तालुक्यात कोरेगाव भीमा येथे हिंसाचार झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये दौंड तालुक्यातील यवत येथे समाजमाध्यमावरील मजकुरावरून तणाव उसळला. अशा वेळी बाजार बंद पडतो आणि रोजंदारीवरील घराची चूल प्रथम थंडावते. मुलगा घरी परतेपर्यंत आईचा डोळा दारावरच असतो. तरीही शांततेच्या बैठकीत तिला क्वचितच विचारले जाते.

सूरह हुजुरातने आलेली बातमी पारखून घेण्याची आणि भांडणाऱ्यांत सुलह घडविण्याची आज्ञा दिली आहे. ती स्त्री-पुरुष दोघांनाही आहे. मोबाईलवरील मजकूर पुढे पाठविण्यापूर्वी मुलाचा हात आईने धरावा. शेजारणीशी बोलणे तणावातही तुटू देऊ नये. जमातीच्या जबाबदारांनी निर्णयापूर्वी घरातील स्त्रियांचे मत घ्यावे. ज्या उम्मतच्या प्रेषितांनी तंबूतील सल्ला मानला, तिला यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

अल्लाह आपल्या वस्त्यांना अमन आणि आपल्याला सुलहची बुद्धी देवो. आमीन.