कामगारांची भरती व निवड : रायपूर आणि आसामचे चहामळे

भरती आणि निवड हे दोन शब्द व्यवहारात बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु त्यांत भेद आहे. कामासाठी माणसे मिळविणे म्हणजे भरती आणि मिळालेल्या माणसांतून कामास योग्य माणूस ठरविणे म्हणजे निवड. या दोहोंइतकीच महत्त्वाची तिसरी गोष्ट म्हणजे कामगाराची संमती. काम कोणते, कोठे, किती वेतनावर आणि किती काळ, हे ठाऊक असल्यावाचून दिलेली संमती खरी संमती ठरत नाही. आसामच्या चहामळ्यांसाठी रायपूर भागात झालेली भरती या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आसामात चहाची लागवड झपाट्याने वाढली. मळ्यातील मजुरीस स्थानिक शेतकरी फारसा तयार नसल्याने मळेवाल्यांना दूरच्या प्रदेशांतून माणसे आणावी लागली. छोटा नागपूरप्रमाणेच मध्य प्रांतातील रायपूर व बिलासपूर या भातशेतीच्या जिल्ह्यांकडेही त्यांचे लक्ष वळले. १८९१ साली नागपूर ते आसनसोल हा लोहमार्ग पूर्ण झाला आणि प्रवास सुलभ झाला. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांत पोट भरण्यासाठी गाव सोडणे अनेकांना भाग पडले.

भरतीच्या दोन पद्धती होत्या. पहिलीत कंत्राटदार व त्यांचे हस्तक माणसे गोळा करीत. या हस्तकांना अरकाटी म्हणत. त्यांना माणशी मोबदला मिळे. मजूर मळ्यावर टिकतो की नाही, याच्याशी त्यांचा संबंध नसे. त्यामुळे खोटी आश्वासने देऊन माणसे नेण्याचे प्रकार घडत. दुसऱ्या पद्धतीत मळ्यावरच काम करणाऱ्या मजुराला सरदार म्हणून त्याच्या गावी धाडीत. तो आपल्या नात्यातील वा ओळखीची माणसे आणी. त्यालाही माणशी रक्कम मिळे. परंतु त्याच माणसांबरोबर पुढे राहावयाचे असल्याने त्याच्यावर काही नैतिक बंधन असे.

निवडीचा भाग मात्र तुटपुंजाच होता. शरीर धडधाकट आहे की नाही, हे पाहिले जाई. याशिवाय अमुक प्रदेशाचा किंवा जमातीचा मजूर चांगला, अशा ठोकळ समजुतींवर मळेवाले विसंबत. व्यक्तीचे कौशल्य किंवा तिची इच्छा यांना फारसे स्थान नव्हते.

१८८२ च्या कायद्यान्वये मजुराला दंडनीय कराराने बांधून घेता येई. काम सोडून जाणाऱ्या मजुराला पकडण्याचा अधिकार मळेवाल्यांना होता; तो १९०८ साली संपुष्टात आला. १९१५ च्या दुरुस्तीने कंत्राटदारांमार्फत होणारी भरती बंद करण्यात आली. १९३२ च्या कायद्याने तीन वर्षांच्या कामानंतर मालकाच्या खर्चाने गावी परतण्याचा हक्क मजुराला दिला. या हक्काचे महत्त्व विशेष आहे. फसवून आणलेला मजूर असमाधानी राही व मुदत संपताच परत जाई. त्याच्या परतीचा खर्च मालकाला सोसावा लागे. चुकीच्या भरतीचा भार अशा रीतीने प्रथमच काही अंशी मालकावर पडला.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांना, तसेच पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांना रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळविणे बंधनकारक केले. मात्र काही प्रकारच्या जागा त्यातून वगळल्या होत्या. परप्रांतात नेल्या जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ चा कायदा झाला. कंत्राटदाराने परवाना घ्यावा आणि मजुरास त्याचे छायाचित्र, काम व वेतन यांची नोंद असलेली पुस्तिका द्यावी, असे त्यात सांगितले होते.

या साऱ्या तरतुदींतून एकच तत्त्व निष्पन्न होते. माणसे आणणाऱ्याचा लाभ केवळ डोकी मोजून ठरत असेल आणि कामाची माहिती फक्त त्याच्याच तोंडून मिळत असेल, तर ती भरती न्याय्य होऊ शकत नाही. मग ती मळ्यासाठी असो, वीटभट्टीसाठी असो वा कारखान्यासाठी.