गर्भस्राव आणि माकडांवरील संशोधन : वैद्याने काय घ्यावे, काय घेऊ नये

गर्भिणी आपल्यासमोर येते तेव्हा बहुधा रक्तस्राव सुरू झालेला असतो. त्याचे कारण मात्र कित्येक दिवस आधी घडून गेलेले असते. गर्भस्रावाच्या अभ्यासातील मुख्य अडचण हीच होय. सुश्रुताचार्यांनी चौथ्या महिन्यापर्यंत गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्या महिन्यांत गर्भपात असा भेद केला. गर्भसंभवास ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज हे चार घटक सांगितले. यांपैकी कोणता घटक केव्हा बिघडला, हे गर्भिणीवर प्रयोग करून पाहता येत नाही. म्हणून संशोधक माकडांकडे वळले.

माकडच का?
सामान्य उंदीर व ससा यांच्या माद्यांना मासिक पाळी येत नाही. ऱ्हीसस माकडिणीची पाळी सुमारे 28 दिवसांची, गर्भकाल सुमारे 165 दिवसांचा आणि गर्भ बहुधा एकच असतो. तिच्या अपरेचा मातेच्या रक्ताशी येणारा संबंधही मानवी अपरेशी मिळताजुळता आहे.

क्षेत्राचा अभ्यास
मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत (आता नावात 'बालआरोग्य' हेही जोडले आहे) बॉनेट जातीच्या माकडिणींवर गर्भाशयाच्या अंतःस्तराचा अभ्यास झाला. प्रोजेस्टेरॉनविरोधी द्रव्य अल्प मात्रेत दिले असता बीजोत्सर्ग व पाळी न बिघडताही गर्भधारणा रोखली जाते, असे तेथे दिसले. हे संशोधन गर्भनिरोधासाठी होते. परंतु बीज उत्तम असले तरी क्षेत्र सिद्ध नसल्यास गर्भ रुजत नाही, हा त्याचा अर्थ आपणांस परिचित आहे.

लक्षणांवाचून संसर्ग
2017 मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे गर्भिणी माकडिणींना लिस्टेरिया जंतू पोटावाटे दिले गेले. गर्भ दगावले, मातांमध्ये ठळक लक्षणे दिसली नाहीत. 2018 मध्ये तेथील अनेक केंद्रांनी झिका विषाणूविषयीच्या नोंदी एकत्र केल्या. गर्भारपणाच्या आरंभी संसर्ग झालेल्या माकडिणींपैकी 26 टक्क्यांचे गर्भ पुढे दगावले, आणि येथेही मातांची लक्षणे क्षुल्लकच होती. झिका आपल्यापासून दूर नाही. 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे राज्यातील पहिला रुग्ण आढळला. 2024 मध्ये पुणे शहरातील रुग्णांत अनेक गर्भवती होत्या.

मर्यादा
प्रयोगातील मात्रा व वेळ ठरवून दिलेली असते. म्हणून तेथील टक्केवारी आपल्या रुग्णांस लावू नये. माकडिणीत अपरा प्रोजेस्टेरॉनचे काम स्त्रीपेक्षा लवकर हाती घेते. तेव्हा दिवसांचे गणितही जसेच्या तसे घेता येत नाही. शिवाय नंदुरबार जिल्ह्यातील सिकलसेल, पांडुता, अल्पवयातील गर्भधारणा आणि ऊसतोडीचे श्रम यांचे उत्तर माकडांच्या पिंजऱ्यात सापडणार नाही. ते आपल्याच नोंदवहीत शोधावे लागेल.

काही वर्षांपूर्वी लोणखेड्यात अडीच महिन्यांची एक गर्भिणी दोन दिवसांच्या बारीक तापासाठी मजकडे आली. ताप उतरला म्हणून मी ना तपासणी लिहून दिली, ना तिला पुन्हा बोलावले. अठरा दिवसांनी ती रक्तस्राव घेऊन आली. त्या तापामुळेच स्राव झाला असे मी म्हणत नाही. परंतु तसे नव्हते, हे सांगू शकेल अशी एकही नोंद मजजवळ नव्हती.

व्यवहारात
1) गर्भिणीचा ताप सौम्य असला तरी तारीख, महिना व लक्षणे लिहून ठेवावीत, तपासणी करावी व आठवड्याने पुन्हा बोलवावे.
2) पहिल्याच भेटीत रक्ताचे प्रमाण व सिकलसेलची तपासणी सांगावी.
3) चरकाचार्यांनी गर्भिणीस वमन-विरेचन वर्ज्य सांगून मृदु उपचार सांगितला आहे, तो पाळावा. औषधविक्रेत्या बंधूंनी पाळी चुकली आहे का हे विचारावे आणि वैद्याच्या चिठ्ठीवाचून रजःप्रवर्तिनी वटी अथवा तीव्र रेचक देऊ नये.
4) रक्तस्राव किंवा तीव्र वेदना असल्यास प्रसूतितज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावे.

माकडांवरील संशोधनाने आपणांस औषध दिलेले नाही. मातेची प्रकृती ठीक दिसत असताही गर्भ संकटात असू शकतो, एवढी जाणीव मात्र दिली आहे. चिकित्सकास ती पुरेशी आहे.