वावर, प्लॉट आणि शहर
सावंगी (मेघे) परिसरातील भूमी-उपयोजनाचा एक छोटा अभ्यास

(बी. ए. द्वितीय वर्ष, भूगोल)

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक प्रश्न उभा राहिला. सावंगी (मेघे)च्या पलीकडे, यवतमाळ रस्त्यापासून थोडे आत आमचे तीन एकर वावर आहे. त्याच्या शेजारचे वावर विकले गेले आणि तिथे पांढरे दगड रोवून प्लॉट पाडले गेले. काकांचे म्हणणे, आपणही विकून मोकळे व्हावे. रानडुकरे पीक ठेवत नाहीत, निंदणाला मजूर मिळत नाही आणि सोसायटीचे कर्ज डोक्यावर आहे. बाबांचे मन मात्र होत नाही. एका रात्री जेवताना त्यांनी मला विचारले, "बाई, तू भूगोल शिकते. तुह्या पुस्तकात काय लेयलं हाय? वावर इकावं का ठेवावं?"

मला उत्तर देता आले नाही. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे पुस्तकात सर्व प्रश्नांची उत्तरे असतात असा घरच्यांचा समज आहे. त्या रात्रीपासून मी 'नागरी भूमी-उपयोजन' हे प्रकरण परीक्षेसाठी न वाचता बाबांसाठी वाचू लागले. त्यातून जे समजले ते येथे मांडीत आहे.

जमिनीचा कस आणि जमिनीची जागा

शेतकरी जमीन पाहतो तेव्हा तिचा कस पाहतो. काळी आहे की बरड, किती खोल आहे, पाणी धरते की नाही, यावर तो तिची किंमत करतो. परंतु योहान हाइनरिख फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराने १८२६ साली एक वेगळाच विचार मांडला. सर्वत्र सारखाच कस असलेल्या मैदानात मधोमध एकच शहर आहे असे त्याने गृहीत धरले. अशा ठिकाणीही सर्व जमिनीचा उपयोग सारखा होणार नाही, कारण माल शहरात नेण्याचा खर्च अंतराप्रमाणे वाढतो. म्हणून शहरालगत दूध-भाजीपाला, त्यापलीकडे जळाऊ लाकडाचे रान, मग धान्य आणि शेवटी चराई अशी वर्तुळे पडतात. पुढे १९६४ साली विल्यम अलोन्सो यांनी हाच विचार शहराच्या आतील जमिनीला लावला. मोक्याच्या जागेसाठी जो सर्वांत जास्त भाडे देऊ शकतो, तिचा उपयोग तोच ठरवतो. दुकानदार सर्वांत जास्त देतो, त्यानंतर घरबांधणी करणारा. शेतकरी या रांगेत शेवटी असतो.

हे खरे आहे का, ते पाहण्यासाठी मी आणि माझी मैत्रीण एका रविवारी सावंगीच्या दवाखान्याच्या फाटकापासून बाहेरच्या दिशेने चालत निघालो. फाटकासमोर औषधांची दुकाने, रक्त-लघवी तपासणीच्या प्रयोगशाळा, फळांच्या गाड्या, चहाच्या टपऱ्या आणि ऑटो. त्यामागे मेस, लॉज, रुग्णांच्या नातेवाइकांना भाड्याने मिळणाऱ्या खोल्या आणि विद्यार्थ्यांची वसतिगृहे. आणखी पुढे फ्लॅटच्या इमारती आणि नोकरदारांची घरे. त्यानंतर नुसते लेआऊट. आखलेले रस्ते, विजेचे खांब आणि वाढलेले गवत. शेवटी कापूस, तूर आणि सोयाबीन. थ्यूनेनची वर्तुळे आम्हाला तासाभराच्या चालीत दिसली. फरक एवढाच, की त्याच्या मैदानात मधोमध शहर होते आणि इथे दवाखान्याचे फाटक आहे.

बाबांसाठी मी एक हिशेबही करून पाहिला. त्यातील आकडे केवळ समजण्यापुरते घेतले आहेत. समजा, एका एकरात पाच क्विंटल कापूस झाला आणि क्विंटलला सात हजार रुपये भाव मिळाला. आले पस्तीस हजार. बियाणे, खत, फवारणी, निंदण आणि वेचाई वजा जाता पंधरा हजार उरले तरी शेतकरी देवाला नारळ फोडील. आता तोच एकर लेआऊटवाल्याने घेतला. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. रस्ते आणि मोकळी जागा सोडून साठ टक्के जमीन विक्रीला उरली, तर दीड हजार चौरस फुटांचे सतरा प्लॉट निघतात. शेतकऱ्याला एकराचे चाळीस लाख मिळाले आणि ते त्याने बँकेत सहा टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाचे व्याज दोन लाख चाळीस हजार होते. काळ्या मातीत कितीही कस असला तरी ती या आकड्याला पुरी पडत नाही. काकांचे म्हणणे वेडेपणाचे नाही, हे मला तेव्हा कळले.

वर्ध्याची घडण

परंतु फाटक मुळात इथेच का आले? या प्रश्नासाठी वर्धा शहराचा इतिहास पाहावा लागतो.

१८६२ साली नागपूरपासून वर्धा जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याचे ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी आखून नवे शहर वसविण्यात आले. लगेच १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) इंग्लंडच्या गिरण्यांना आपल्या कापसाची गरज भासू लागली होती. त्यामुळे रेल्वेच्या आधाराने कापसाचा बाजार आणि जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढले. आजही वर्ध्यातील वस्त्यांची नावे वाचली तर जुने भूमी-उपयोजन डोळ्यांसमोर उभे राहते. सिव्हिल लाईनमध्ये साहेबांचे बंगले, इतवाऱ्यात बाजार, मालगुजारीपुऱ्यात जमीनवाले, पुलफैलात कष्टकरी.

दुसरे वळण १९३० नंतरचे. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून महात्मा गांधी १९३४ मध्ये वर्ध्याला मगनवाडीत राहावयास आले आणि १९३६ मध्ये शेगाव या खेड्यात गेले. १९४० पासून ते सेवाग्राम म्हणून ओळखले जाऊ लागले. खेड्यात खेडुतासारखे राहता यावे म्हणून गांधीजी तिथे गेले. पण त्यांच्यामागे आश्रम, शाळा, दवाखाना आले आणि १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. खेडे स्वतःच एक केंद्र बनले.

तिसरे वळण १९९० चे. त्या वर्षी सावंगीला जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय उभे राहिले. १९९७ मध्ये महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाची स्थापना झाली आणि पुढे तिकडची टेकडीही शहराशी जोडली गेली.

तीन सिद्धांत आणि आपले शहर

आपल्या अभ्यासक्रमात तीन सिद्धांत आहेत. बर्जेस यांनी १९२५ मध्ये शिकागोवरून एककेंद्री वर्तुळांचा सिद्धांत मांडला. मध्यभागी व्यापार, त्याभोवती संक्रमणाचा पट्टा, मग कामगारांची घरे, मग सुस्थितांची आणि शेवटी रोज ये-जा करणाऱ्यांची. हॉइट यांनी १९३९ मध्ये दाखविले की विशिष्ट उपयोग रस्त्यांच्या अनुरोधाने पंख्यासारखे बाहेर पसरतात. हॅरिस आणि उलमन यांनी १९४५ मध्ये शहराला एकाऐवजी अनेक केंद्रे असतात असे म्हटले.

वर्ध्याला तिसरा सिद्धांत अधिक लागू पडतो असे मला वाटते. स्टेशन आणि बाजार हे एक केंद्र, सेवाग्राम दुसरे, सावंगी तिसरे, विश्वविद्यालय चौथे. त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर हॉइटचे पंखे दिसतात. नागपूर, आर्वी, सेवाग्राम आणि यवतमाळ या रस्त्यांच्या कडेने वस्ती लांबत जाते आणि दोन रस्त्यांच्या मधल्या भागात अजून वावरे आहेत. यातील प्रत्येक केंद्र कोणाच्या तरी निर्णयाने बसले आहे. रेल्वे कुठून न्यायची, आश्रम कुठे काढायचा, महाविद्यालय कुठे बांधायचे हे माणसांनी ठरविले. भाड्याची वर्तुळे त्यानंतर आपोआप पडत गेली.

हद्द आणि ओहोळ

जनगणनेतील एक गोष्ट पाहून मी चकित झाले. वर्धा नगरपालिकेची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १ लाख ११ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे १ लाख ६ हजार झाली. शहर तर वाढताना दिसते, मग माणसे कमी कशी झाली? याचे कारण हद्दीत आहे. वाढ झाली ती सावंगी, बोरगाव, सिंदी, पिपरी, उमरी या 'मेघे' गावांत आणि नालवाडी, म्हसाळा अशा आजूबाजूच्या खेड्यांत. तिथे प्लॉट स्वस्त आणि कर कमी. माणूस दुकान शहरात चालवतो आणि घर ग्रामपंचायतीत बांधतो. ज्या गावाची वस्ती पाच हजारांच्या वर आहे, दाटी दर चौरस किलोमीटरला किमान चारशे आहे आणि जिथले तीन चतुर्थांश पुरुष कामकरी शेतीबाहेर आहेत, त्याला जनगणना शहर म्हणते. पण तिने शहर म्हटले तरी कारभार ग्रामपंचायतीकडेच राहू शकतो. एवढ्या वस्तीची गटारे, रस्ते, पाणी यांचा एकत्र आराखडा करणारे मग कोणी उरत नाही.

याचा अनुभव आम्ही घेतला आहे. शेजारच्या लेआऊटमध्ये रस्ता करताना जुना ओहोळ बुजविला गेला. पावसाळ्यात पाणी आमच्या वावरात साचले आणि तूर पिवळी पडून वाळली. पुस्तकात शेतकरी आपल्या खुशीने जमीन विकतो. प्रत्यक्षात शेजारचा उपयोग बदलला की आपली शेतीच करणे कठीण होते, आणि मग विकणे हाच शहाणपणा ठरतो.

सिद्धांतात न आलेले

आणखी एक गोष्ट या तिन्ही सिद्धांतांत मला सापडली नाही. आपल्या जुन्या गावात कोणी कुठे राहायचे हे भाड्याने ठरत नसे. मधोमध देऊळ आणि पाटलाचा वाडा, दलितांची वस्ती मात्र गावाबाहेर. हेही भूमी-उपयोजनच होते आणि ते जातीने ठरविले होते. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये सर्वांना खुले झाले, ही म्हणूनच मोठी घटना मानली जाते. नव्या लेआऊटमध्ये प्लॉट पैसे देऊन कोणालाही मिळतो, ही पुढची पायरी खरी. पण त्याच लेआऊटमध्ये खोली भाड्याने मागायला गेले की आधी आडनाव विचारतात. माझ्या मैत्रिणीला दोन ठिकाणी हा अनुभव आला.

समारोप

दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांना हे सर्व माझ्या शब्दांत सांगितले. आपल्या वावराची किंमत मातीमुळे वाढली नाही, फाटकामुळे वाढली. फाटक माणसांनी बसविले आहे. उद्या दुसरे कुठे बसले तर भावही तिकडे वळतील. विकायचे की नाही हे मात्र पुस्तक सांगत नाही, कारण चाळीस लाखांचे व्याज आणि तुमची सकाळची वावरातली फेरी यांची बेरीज कोणत्याच सूत्रात बसत नाही. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग आधी त्या ओहोळाचं पाह्य."

यंदापुरते वावर ठेवायचे ठरले आहे. पुढच्या वर्षीचे सांगता येत नाही. ओहोळ मोकळा करून मिळावा म्हणून ग्रामपंचायतीला अर्ज द्यायचा होता, तो मी लिहून दिला. सोबत वावराचा, लेआऊटचा आणि पाण्याच्या उताराचा नकाशा काढून जोडला आहे. नकाशाचे प्रमाण आणि उत्तर दिशा दाखवायला मी विसरले नाही.

माझ्या वर्गमित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते, की आपापल्या गावाचा असा एक नकाशा प्रत्येकाने काढून पाहावा. शिकागोची वर्तुळे पाठ करणे त्यानंतर सोपे जाते.