नचिकेत्याचा पहिला वर

कठोपनिषदाचे नाव निघाले की आपले लक्ष नचिकेत्याच्या तिसऱ्या वराकडे, म्हणजे मरणानंतर काय उरते या प्रश्नाकडे जाते. ते स्वाभाविकच आहे. उपनिषदाचा मुख्य विषयच तो. परंतु जो आरंभीचा कथाभाग आपण घाईने उलटून टाकतो, त्यापाशी आज थोडे थांबू.

वाजश्रवसाने सर्वस्वदानाचा यज्ञ मांडला. पण दानात दिलेल्या गाई थकलेल्या, दूध आटलेल्या. ते पाहून अस्वस्थ झालेल्या मुलाने आपल्याला कोणाला देणार, असे तीनदा विचारले आणि बाप संतापून मृत्यूचे नाव घेऊन बसला. मुलगा यमाच्या घरी गेला. यम घरी नव्हता. तीन रात्री मुलगा अन्नावाचून तेथे राहिला. यम परतल्यावर त्याला सांगण्यात आले की, अतिथी अग्नीसारखा घरात येतो, त्याला आधी पाणी द्यावे. ज्याच्या घरी तो उपाशी राहतो त्याचे पुण्य, पुत्र, पशू सारेच नाहीसे होते. ज्याला सारे जग भिते तो यम मग त्या मुलाला नमस्कार करतो आणि एकेका रात्रीबद्दल एकेक वर देऊ करतो. म्हणजे जी विद्या मिळावी म्हणून आपण हा ग्रंथ उघडतो, ती दाराशी दुर्लक्षित राहिलेल्या एका पाहुण्याच्या भरपाईतून आली आहे!

आपल्या दाराशी येणाऱ्यांची संख्या आज घटलेली नाही. उलट वाढली आहे. सामान पोहोचविणारा तरुण दिवसातून दोनदा घंटी वाजवितो. आपण चार आकडे सांगतो, पुडके घेतो, दार लावतो. वैशाखाच्या उन्हात त्याला पाणी विचारणारी घरे इंदुरात अजून आहेत, पण त्याचा चेहरा सायंकाळी आठवेल असे घर विरळा.

देवळाचेही तसेच. पूर्वी ती. वडील देणगीची पावती हाताने लिहीत. नाव, गोत्र विचारता विचारता मुलाची बदली, सुनेचे बाळंतपण, गुडघ्याचे दुखणे सर्व निघे. मागे उभा असलेला गृहस्थ कधी कधी त्रासून जाई, हेही खरे. आता दानपेटीवर चौकोनी चिन्हाचा कागद आहे, आणि शेजारचे यंत्र आलेली रक्कम हिंदीत मोठ्याने उच्चारते. हिशेब बिनचूक राहतो. वर्षअखेरीस तो मलाच जुळवावा लागतो, त्यामुळे त्या सोयीची निंदा माझ्या तोंडी शोभणार नाही.

आपल्या सभासदांपैकी एक वृद्ध गृहस्थ सायंआरतीला उजव्या खांबाशी बसत. परगावी असलेल्या त्यांच्या मुलाने मासिक वर्गणी बँकेतून आपोआप जमा होईल अशी व्यवस्था करून ठेवली होती. मागील पावसाळ्यात ती दर महिन्याच्या पहिल्या तारखेस येत राहिली आणि वहीत त्यांच्या नावापुढे मी खूण करीत राहिलो. तिसऱ्या महिन्यात आईने सहज विचारले, "खांबाजवळची जागा रिकामी का दिसते?" तेव्हा कळले की न्हाणीघरात पाय घसरून पडल्यापासून ते अंथरुणावर आहेत. नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री होता. येथे दोन महिने उलटून गेले होते.

आणि त्या मुलाने पहिला वर काय मागितला? स्वर्ग नव्हे, ज्ञान नव्हे. आपण परत जाऊ तेव्हा वडिलांचा राग निवलेला असावा, त्यांनी आपल्याला ओळखावे व आपल्याशी बोलावे, एवढेच. अग्निविद्या दुसऱ्या वराला, आत्मविद्या तिसऱ्याला. मृत्यूच्या घरी बसलेल्या मुलाने हा क्रम लावावा, याचे मला पूर्वी नवल वाटे.

दुसऱ्या दिवशी प्रसाद घेऊन मी त्या आजोबांकडे गेलो. त्यांनी गाऱ्हाणे केले नाही. "काल आरतीला कोण कोण होते रे?" एवढेच विचारले. आदल्या दिवशी पेटीत किती जमले ते मला पै-पैशानिशी सांगता आले असते; माणसांची नावे चारच आठवली, त्यांतलेही एक चुकले.

हल्ली आरतीनंतर मी त्यांच्याकडे जातो आणि आलेल्यांची नावे सांगतो. त्यासाठी आरती चालू असताना दोन-तीन वेळा मागे वळून पाहावे लागते. वडिलांना ते प्रथम आवडले नव्हते.