ओढा बिघडतो तो आपल्या आवारात

पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजच्या डोंगरातून निघून सहकारनगर, पर्वती, दांडेकर पूल असा उतरत मुठेला मिळणारा हा ओढा काही तासांत घरांत शिरला. सोसायट्यांच्या सीमाभिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या आणि शहर-परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. त्यानंतरची चर्चा बहुतेक ओढ्याच्या काठावरच घुटमळली: अतिक्रमणे, भिंती, पात्राची रुंदी, पूल. हे विषय खरेच आहेत, आणि पात्रात बांधकाम होऊ देणे हा गुन्हाच मानला पाहिजे. पण त्या रात्रीचे सगळे पाणी काही ओढ्यावर पडले नव्हते. त्यातले कितीतरी काठापासून दूर, हजारो गच्च्यांवर, पार्किंगमध्ये आणि रस्त्यांवर पडले आणि आपण बांधलेल्या वाटांनी लवकरात लवकर ओढ्यात जाऊन पोचले. म्हणून मी आग्रहाने सांगतो, की ज्याला आपल्या घराजवळचा ओढा कुठून वाहतो हेही माहीत नाही, त्याचाही त्या पुरात वाटा असतो. बारा महिने त्या ओढ्यातून वाहणाऱ्या घाणीत तर तो असतोच असतो.

साधा हिशेब करून पाहावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक एकराच्या सोसायटीत पंचवीस मिलिमीटरची एक सर आली की एक लाख लिटर पाणी जमा होते, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. एप्रिलमध्ये हीच सोसायटी एकेका टँकरसाठी फोन करत असते. मोकळ्या मुरमाड, गवताळ जमिनीत या पाण्यातला मोठा भाग जिरतो आणि उरलेला रमतगमत ओढ्याकडे जातो. तीच जमीन काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकने मढवली की जवळजवळ सगळे पाणी काही मिनिटांत पाइपात उतरते, आणि ते एकटे जात नाही. उन्हाळाभर साचलेली धूळ, गाड्यांचे तेल, टायरचा चुरा, बांधकामाचे सिमेंट, कुत्र्यांची विष्ठा, प्लास्टिक हे सारे पहिल्या दोन-चार सरींबरोबर ओढ्यात जाते. पहिल्या पावसात नदी काळी दिसते त्याचे हे एक मोठे कारण आहे.

तरीही सोसायट्यांमध्ये चाललेली कामे जवळून पाहताना मला सर्वांत जास्त खटकते ते वेगळेच. वर्षाजल संकलन म्हटले की लोक थेट खड्डा खणायला धावतात. आपली पावसाळी लाइन आणि ड्रेनेज लाइन खरोखर वेगळ्या आहेत का, हे मात्र कोणी तपासत नाही. तपासणी अगदी सोपी आहे. मार्च महिन्यात, आठवडाभर पाऊस नसताना, पावसाळी चेंबरचे झाकण उचलून पाहावे. चेंबर कोरडा असला पाहिजे. आत पाणी वाहत असेल तर ते पावसाचे नाही. राखाडी रंग, वर साबणाचा फेस, कडेला चिकटलेला चिकट थर आणि तळाशी पाऊच-पिशव्यांत अडकलेला गाळ दिसला तर समजावे, की कुठल्या तरी घरातले सांडपाणी थेट ओढ्याला चालले आहे. नेहमीचे कारण म्हणजे ड्राय बाल्कनी. तिथे धुलाई यंत्र बसते आणि त्याचे पाणी बाल्कनीच्या जाळीतून गच्चीच्या पावसाळी पाइपला मिळते. राहणाऱ्याला याची कल्पनाही नसते. एकेका मजल्यावर बादलीभर पाण्यात खाण्याचा रंग घालून ओतावा आणि खाली कोणत्या चेंबरमध्ये रंग येतो ते पाहावे, दोष सापडतो. मग प्लंबरकडून तेवढी जोडणी ड्रेनेजला वळवून घ्यायची. हे काम दिखाऊ नाही, त्याचे उद्घाटन होत नाही, पण ओढ्यासाठी याहून मोलाचे काम सोसायटीच्या हातात दुसरे नाही. ते न करता शोषखड्डा केला तर आपण सांडपाणी जमिनीत मुरवतो, म्हणजे जे ओढ्याचे केले तेच भूजलाचे करतो. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याने जाणूनबुजून प्रवाहात घाण सोडायला मनाई केली आहे आणि प्रवाहाच्या व्याख्येत सध्या कोरडा असलेला ओघळही धरला आहे, हे कमिटीने ध्यानात ठेवावे.

दुसरी पायरी पाण्याला थोपवण्याची. यात सर्वांत स्वस्त जागा म्हणजे बाग. बहुतेक आवारांत बागेचे वाफे फरशीपेक्षा उंच असतात आणि त्यांना सिमेंटचा कठडा असतो. त्यामुळे पाणी बागेला वळसा घालून गटारात जाते आणि संध्याकाळी माळी त्याच झाडांना नळीने पाणी घालतो. वाफे वीतभर खोल केले आणि कठड्याला जागोजाग खाचा पाडल्या की हेच पाणी झाडांच्या मुळाशी थांबते. शोषखड्ड्याबाबत मात्र सबुरी हवी. दोन मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा दगडगोट्यांनी भरला की त्यात साधारण तीन हजार लिटर पाणी मावते. वरच्या एक लाख लिटरशी ताडून पाहिले की एका खड्ड्यावर फोटो काढून समाधान मानता येत नाही, हे कळते. शिवाय आपल्याकडे खाली बेसाल्टचा खडक. कुठे मुरूम खोल असतो, कुठे हातभरावर कातळ लागतो. खर्च करण्याआधी छोटा खड्डा पाण्याने भरून तासाभरात पाणी किती उतरते ते मोजावे. उतरत नसेल तर जागा बदलावी किंवा टाकीत साठवावे. बोअरमध्ये सोडायचे ते फक्त गच्चीचे पाणी, तेही पहिल्या सरी बाहेर काढून आणि गाळून. पार्किंगचे पाणी बोअरमध्ये कधीही सोडू नये, कारण खडकाच्या भेगांत गेलेले तेल आपल्याला परत काढता येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: कर आम्ही भरतो, हे काम महापालिकेचे. रस्त्यावरच्या वाहिन्या, नालेसफाई, राडारोडा टाकणाऱ्यांवर कारवाई ही पालिकेचीच जबाबदारी आहे आणि तिचा जाब विचारलाच पाहिजे. पण वाहिन्या मोठ्या करणे या एकाच उपायाची मर्यादा मुंबईच्या उदाहरणात दिसते. तिथली जुनी व्यवस्था ताशी पंचवीस मिलिमीटर पावसासाठी होती. पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती पन्नासपर्यंत नेण्याचे सुचवले. पुढे 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. असा पाऊस पोटात घेईल एवढे गटार कुठलेही शहर बांधू शकत नाही. शिवाय रुंद पाइप पाणी वेगाने खाली ढकलतो, म्हणजे वरच्या वस्तीची सुटका होते आणि खालची वस्ती बुडते. आणि खाजगी आवारातली चुकीची जोडणी पालिकेचा कर्मचारी शोधायला येईल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ढगफुटीसारख्या पावसात या खाचा आणि खड्डे काय कामाचे? त्या रात्री ते भरून वाहतील, हे मान्यच केले पाहिजे. आवारातले उपाय करून पात्रातली अतिक्रमणे माफ होत नाहीत. पण वर्षातले बहुतेक पाऊस लहान असतात आणि ओढ्यात घाण जाते ती मुख्यतः त्यांच्याबरोबर. तो पाऊस आवार सहज पेलते. मोठ्या पावसातही शेकडो आवारांनी थोडे थोडे पाणी तासभर उशिरा सोडले तर लोंढ्याचा माथा खाली येतो. डासांची भीतीही घातली जाते. डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा लागतो. नीट केलेल्या वाफ्यात पाणी एक-दोन दिवसांत जिरते, आणि न जिरल्यास तो वाफा चुकला आहे, दुरुस्त करावा.

एकट्या सोसायटीचे यश अपुरेच असते, हेही सांगायला हवे. आपले पाणी कोणाच्या आवारातून येते आणि कोणाच्या दारात जाते, याचा नकाशा शेजारच्या चार-पाच सोसायट्यांनी आणि वस्त्यांनी मिळून काढावा. खालच्या बाजूला बहुधा गरिबांची घरे असतात. वर केलेल्या चुकीची किंमत तेच मोजतात, म्हणून त्यांना बैठकीत पहिल्यांदा बोलू द्यावे. रस्त्याच्या कडेची कामे पुणे महापालिकेच्या सहभागी अंदाजपत्रकात सुचवता येतात. आणि सगळ्यात दुर्लक्षित बाब देखभालीची: जाळ्या, गाळणी, खड्ड्याचा वरचा थर दर मे महिन्यात साफ झाला नाही तर दोन-तीन पावसाळ्यांत सारे बुजते आणि लोक म्हणतात की या योजना चालत नाहीत. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत लाइन तपासणी आणि दरवर्षीची सफाई हे दोन विषय स्वतंत्र तरतुदीसह मांडा, आणि ठरावात जबाबदार सदस्याचे नाव घातल्याशिवाय सभा संपू देऊ नका.