व्हॉल्व्हचा ॲम्प घेण्याआधी

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत इलेक्ट्रिक गिटार वाजते ती लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, गणपतीतल्या कार्यक्रमात. ॲम्प मात्र निवडला जातो पुण्या-मुंबईच्या दुकानातल्या वातानुकूलित खोलीत, नाहीतर मोबाइलवर व्हिडिओ पाहून. दुकानात वीज स्थिर असते, अर्थिंग पक्के असते, आवाज कमी कर म्हणून सांगायला कुणी येत नाही. मंडपात यातले काहीच गृहीत धरता येत नाही. लाखाच्या पुढची रक्कम मोजणाऱ्याने हा फरक आधी समजून घ्यायला हवा.

प्रस्तुत लेखकाच्या डोळ्यांदेखत घडलेली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. भिगवणकडच्या एका हौशी वादकाला अमेरिकेतल्या नातेवाइकांनी तिथला एक जुना, उत्तम व्हॉल्व्ह ॲम्प आणून दिला. तो होता १२० व्होल्टचा, म्हणून मध्ये स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर जोडला. घरी सूर सुरेख लागायचा. पुढे इंदापूर तालुक्यातल्या एका लग्नात संध्याकाळी लाईट डिम झाली आणि गिटारचा आवाज मलूल पडला. मग जनरेटर सुरू झाला, दाब एकदम चढला, फ्यूज उडाला. कुणीतरी घाईत फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली. थोड्याच वेळात जळक्या वार्निशचा वास सुटला. आतला पॉवर ट्रान्सफॉर्मर गेला होता.

स्टेपडाउनमुळे दाब उतरतो, वारंवारता बदलत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची; केवळ ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. त्यात जनरेटरचा चढा दाब, आणि त्याला अडवणारा फ्यूजच काढून टाकलेला. ॲम्पच्या मागच्या बाजूला २३० व्होल्टबरोबर ५० हर्ट्झ किंवा ५०/६० असे छापलेले नसेल, तर तो कितीही नामांकित असो, घेऊ नये.

कमी दाबाने पाण्याची मोटार जळते, हे या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. व्हॉल्व्हचे तसे नसते. व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात. लाइनचा दाब २३० वरून १९० वर आला की ते ५.२ वर घसरतात आणि प्लेटवरचे ४२० व्होल्ट ३५० च्या आसपास येतात. ॲम्प जळत नाही, पण आवाजातला जीव जातो. खरा धोका चढ्या दाबाचा: २५० च्या पुढे व्हॉल्व्ह आणि कपॅसिटर दोन्ही तापतात, त्यांचे आयुष्य घटते. म्हणून चांगला सर्व्हो स्टॅबिलायझर हा ॲम्पच्या किमतीतच धरावा.

आता सुराकडे वळू. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब १९६३ पासूनचा: चार ६एल६ व्हॉल्व्ह, ८५ वॅट, बारा इंची दोन स्पीकर. आज मिळणाऱ्या त्याच्या नव्या आवृत्तीचे वजन सुमारे २९ किलो. त्याचा स्वच्छ, मोकळा आवाज बराच वाढवला तरी फाटत नाही. व्हॉक्स एसी३० मध्ये चार ईएल८४ आणि ३० वॅट. बीटल्सनी आणि ब्रायन मे यांनी वापरलेला हा ॲम्प. त्याच्या वरच्या सुरांना चमक असते आणि जोरात छेडले की तो लगेच धार धरतो. मार्शलची सुरुवात १९६२ साली लंडनमधल्या एका वाद्यांच्या दुकानात झाली. दुकानाचे मालक जिम मार्शल स्वतः ड्रमवादक होते आणि त्यांचा पहिला ॲम्प फेंडर बासमनच्या सर्किटवर बेतलेला होता. मधल्या सुरांतला त्याचा दणका रॉकसाठी अजोड आहे. पण तो मुख्यतः तेवढ्यासाठीच. कॅलिफोर्नियातल्या रँडल स्मिथ यांनी सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीस छोट्या फेंडरमध्ये फेरफार करून मेसा बूगीला जन्म दिला. त्यांच्या २००९ च्या मार्क फाइव्हमध्ये तीन चॅनल आहेत आणि ताकद ९०, ४५ किंवा १० वॅट अशी निवडता येते.

कागदावर बहुपयोगीपणात मार्क फाइव्ह सहज जिंकतो. पण जितकी बटणे आणि व्हॉल्व्ह जास्त, तितकी दुरुस्ती अवघड, आणि दुरुस्ती म्हणजे बहुधा पुणे. एकेकाळी बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स व्हॉल्व्ह बनवत असे. आता ते मुख्यतः चीन, रशिया, स्लोवाकियातून येतात. एकाच रात्री लावणी, कोळीगीत आणि हिंदी रॉक वाजवणाऱ्याला प्रस्तुत लेखकाच्या मते स्वच्छ आवाजाचा साधा ॲम्प आणि पुढे दोन-तीन चांगली पेडल्स हाच बहुपयोगी संच. एसी३० स्वतःचा रंग पेडलवरही चढवतो. फेंडर पेडलला मोकळे सोडतो.

वॅटच्या आकड्याने मात्र भुलू नये. पन्नासचे शंभर वॅट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटण्यासाठी ताकद सुमारे दहापट लागते. व्हॉल्व्ह ॲम्पमधला हवाहवासा ओला, भरीव सूर येतो तो पॉवर व्हॉल्व्हवर ताण पडल्यावर. ८५ वॅटचा ॲम्प मंगल कार्यालयात तिथवर न्यायचा म्हणजे पाहुण्यांनी उठून जायचे. शिवाय २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. फेंडरचाच डीलक्स रिव्हर्ब दोन ६व्ही६ व्हॉल्व्हवर २२ वॅट देतो, वजन सुमारे १९ किलो, स्पीकर एकच. त्याच्यासमोर माइक ठेवला की उरलेले काम साउंडवाल्याचा मिक्सर करतो.

सुरापेक्षाही महत्त्वाची गोष्ट जिवाची. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचे गिटारवादक लेस हार्वी रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने गेले. त्यांनी धरलेल्या माइकला नीट अर्थिंग नव्हते. आपल्याकडच्या मंडपात तिसरी पिन कित्येकदा नुसती शोभेची असते. ॲम्पच्या आत ४०० हून अधिक व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवू शकतात, त्यामुळे मागचे झाकण जाणकारानेच उघडावे. स्पीकर न जोडता ॲम्प चालू करू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

या भागात वाजवणाऱ्यासाठी निवड करायची झाली तर डीलक्स रिव्हर्बच्या वर्गातला, भारतीय विजेसाठी बांधलेला ॲम्प घ्यावा. दुकानात जाताना आपलीच गिटार आणि आपलीच पेडल्स न्या, कार्यक्रमात ठेवता तेवढ्याच आवाजावर तो ऐका. आणि मंडपात पोचल्यावर वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय प्लग लावू नका.